वडिलांना भेट द्यायला पहिलं रिमोट कंट्रोल विमान कोणतं घ्यावं?

त्यांनी याआधी कधीच उडवलं नसेल तर वरच्या बाजूला पंख असलेलं, फोमचं, बॅटरीवर चालणारं ट्रेनर (म्हणजे शिकाऊंसाठीचं) विमान घ्या. पंखांचा विस्तार साधारण 1 ते 1.4 मीटर, आणि ट्रान्समीटर (हातातला रिमोट), बॅटरी, चार्जर सगळं एकाच खोक्यात. दुकानात लढाऊ विमानांची मॉडेलं जास्त भुरळ घालतात, पण पहिल्या खेपेला ती नकोच. ती वेगात उडतात आणि वेग कमी पडला की पटकन एका पंखावर कलंडतात. ट्रेनरचे पंख टोकांकडे किंचित उचललेले असतात, त्यामुळे रिमोटची स्टिक सोडली की ते बरंचसं आपोआप सरळ होतं. नवशिक्याची खरी तारांबळ उडते ती विमान त्याच्याकडे तोंड करून येताना, कारण तेव्हा डावं-उजवं उलटं दिसतं. संथ विमान असेल तर सावरायला दोन क्षण मिळतात. जायरो स्टॅबिलायझेशन (विमान डळमळलं की ते आपोआप सावरणारी यंत्रणा) असेल तर थोडे जास्त पैसे जरूर मोजा. सोबत हे द्या:

- एक-दोन जादा प्रोपेलर
- दुसरी बॅटरी
- फोमला चालणारा गोंद (साध्या सुपरग्लूने थर्माकोलसारखा फोम विरघळतो)

मात्र आधी जागा बघा. एवढ्या विमानाला मोठं, झाडं-तारा नसलेलं मैदान लागतं. ते जवळपास नसेल तर छोटं, हलकं मॉडेल घ्या आणि वारा पडलेला असतानाच उडवायला सांगा. 250 ग्रॅमच्या वरच्या विमानांना बऱ्याच देशांत नोंदणीचे नियम लागू होतात, तेही घेण्याआधी तपासा.