ठेकेदाराचा कामगार आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना)

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला लागून तीन आठवडे झाले. हजेरी रोज 500 रुपये. पॉवर प्रेसमध्ये उजवी तर्जनी मुळापासून गेली. ठेकेदार म्हणतो, "तू टेम्पररी, तुला ईएसआय नाही. बिल मी भरतो, घरी लागलं म्हणून सांग." काय करावं? (एक वाचक, मच्छे)

उत्तर : तसं मुळीच सांगू नका. केसपेपरवर 'घरी पडून' असं एकदा लिहिलं गेलं की पुढे ते खोडून काढणं फार जड जातं.

दहा किंवा अधिक कामगार आणि महिना 21,000 पर्यंत पगार असेल, तर टेम्पररी कामगारालाही ईएसआय लागू आहे. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर ती मूळ कारखानदाराने भरायची. वर्गणी म्हणजे पगाराच्या कामगाराचे 0.75 टक्के, मालकाचे 3.25. आजारपणाच्या भत्त्याला 78 दिवसांच्या वर्गणीची अट असते, कामावरच्या अपघाताला ती नाही. पहिल्याच दिवशी बोट गेलं तरी हक्क आहे.

आधी अपघात वहीत नोंद करायला लावा आणि तिचा फोटो काढून ठेवा. मालकाने अपघाताचा अहवाल ईएसआयच्या शाखा कार्यालयात द्यायचा असतो. तो टाळत असेल तर तुम्हीच लेखी कळवा, पोच घ्या. हजेरीपत्रक, गेटपास, मुकादमाचे व्हॉट्सअॅप मेसेज, सोबत्यांची नावं जपून ठेवा. नाव नोंदणी अपघातानंतर घाईने केली असेल तर चौकशी होते, तेव्हा हेच कागद कामी येतात. आधार, बँक पासबुक आणि ईएसआयमधलं नाव जुळतंय का तेही बघा. स्पेलिंगमधल्या एका अक्षराने पैसे अडकलेले आहेत.

ईएसआयच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र असेपर्यंत रोजच्या मजुरीच्या 90 टक्के, म्हणजे तुमच्या हिशेबाने सुमारे 450 रुपये मिळतात. जखम भरल्यावर कायमचं अपंगत्व ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डापुढे जायला विसरू नका. बहुतेक जण इथेच हात धुऊन बसतात. संपूर्ण तर्जनीसाठी कायद्याच्या परिशिष्टात 14 टक्के कमाईक्षमतेची हानी धरली आहे. 450 चे 14 टक्के, रोज 63 रुपये, आणि तेही जन्मभर. नोकरी बदलली, पगार वाढला तरी ते बंद होत नाहीत. ठेकेदाराच्या बिलाशी तुलना तुम्हीच करा.

कारखान्यात दहापेक्षा कमी माणसं असतील आणि ईएसआय लागू नसेल, तर कामगार नुकसानभरपाईचा दावा दोन वर्षांच्या आत करायचा. वय 25 आणि महिना 13,000 धरला तर 13,000 चे 60 टक्के, गुणिले 216.91 (वयानुसार ठरलेला आकडा), त्याचे 14 टक्के, सुमारे 2 लाख 37 हजार रुपये. हे पैसे मालकाने द्यायचे असतात.

प्रश्न : नोकरी बेळगावात, घर चंदगड तालुक्यात. कर्नाटकातलं कार्ड घरच्यांना महाराष्ट्रात चालेल का?

उत्तर : चालेल, ईएसआय केंद्राची योजना आहे. घरच्यांची नावं, आधार आणि त्यांच्या भागातला दवाखाना तेवढा ई-पहचान कार्डावर, म्हणजे ईएसआयच्या ओळखपत्रावर, नोंदवून घ्या.