रेसलर लोकांना इतकी व्यसनं का लागतात, आणि त्यातून कुणी खरंच बाहेर आलंय का?

टीव्हीवरच्या डब्ल्यूडब्ल्यूईसारख्या रेसलिंगमध्ये निकाल आधी ठरलेला असतो हे खरं, पण पाठीवर आपटणं खरंच असतं. 80-90 च्या दशकात हे लोक वर्षातले बहुतेक दिवस घराबाहेर, आज इथे मॅच, रात्रभर गाडी चालवून उद्या दुसऱ्या शहरात, सीझन संपला आता आराम हा प्रकारच नाही आणि दुखतंय म्हणून घरी बसलं तर जागा दुसरा घेणार. मग उभं राहायला पेनकिलर, झोपायला गोळी, वरून दारू. एडी गरेरो हा डब्ल्यूडब्ल्यूईचा रेसलर 2005 मध्ये हॉटेलच्या रूममध्ये हार्टनं गेला, फक्त 38 वर्षांचा, आणि तेव्हा तर त्यानं सगळं सोडलेलं होतं, शरीरानं मात्र आधीचा हिशोब धरून ठेवला होता. त्यानंतर डब्ल्यूडब्ल्यूईनं वेलनेस पॉलिसी, म्हणजे रेसलर्सच्या ड्रग्जच्या आणि तब्येतीच्या तपासण्या, आणली, 2007 पासून जुन्या रेसलर्सच्या रिहॅबचा, म्हणजे व्यसनमुक्तीच्या उपचारांचा, खर्चही कंपनी द्यायला लागली. चांगलंच केलं, पण फार उशिरा.

बाहेर कोण आलं विचाराल तर मी डायमंड डॅलस पेजचं, म्हणजे डीडीपीचं नाव घेईन. हा माणूस पस्तिशीत रेसलर झाला, 1998 ला पाठीची डिस्क गेली, करिअर संपलं असं डॉक्टर म्हणाले, बायकोच्या आग्रहानं योगा सुरू केला आणि 1999 मध्ये 43 व्या वर्षी डब्ल्यूसीडब्ल्यू या तेव्हाच्या दुसऱ्या मोठ्या रेसलिंग कंपनीचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. पण मला तो आवडतो तो पुढच्या कामामुळे.

जेक 'द स्नेक' रॉबर्ट्स आठवतो ना, अजगर घेऊन यायचा तो? डीडीपी नवा असताना रिंगमधल्या खाचाखोचा त्याला जेकनं शिकवलेल्या. तोच जेक 2012 पर्यंत दारू आणि ड्रग्जमध्ये पार बुडालेला. डीडीपीनं त्याला फोनवर सल्ले दिले नाहीत, सरळ अटलांटाजवळच्या आपल्या घरी राहायला आणलं, रोज योगा, खाण्यापिण्यावर लक्ष, बाहेर जायचं तर कुणीतरी सोबत. 2013 मध्ये स्कॉट हॉल, रिंगमधलं नाव रेझर रॅमोन, तोपण तिथंच राहायला आला. जेक मधे परत प्यायला बरं का. भांडणं झाली, रडारड झाली, पण डीडीपीनं त्याला घराबाहेर काढलं नाही. आमच्या नात्यात दारूपायी एक घर उद्ध्वस्त झालेलं पाहिलंय, तिथं प्रत्येक वेळी माणूस घसरला की सगळे म्हणायचे आता याचं काही खरं नाही, आणि मला वाटतं तिथंच तो एकटा पडत गेला.

2014 मध्ये जेक आणि स्कॉट दोघेही डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे गाजलेल्या रेसलर्सच्या मानाच्या यादीत, गेले, जेकला स्टेजवर बोलावणारा डीडीपीच होता. स्कॉट 2022 मध्ये वारला, खुब्याच्या ऑपरेशननंतर. जेकला त्याच 2014 मध्ये कॅन्सर निघाला, त्यातूनही तो उठला आणि 2020 मध्ये साठी उलटल्यावर एईडब्ल्यू या नव्या रेसलिंग कंपनीत दुसऱ्या रेसलरचा मॅनेजर म्हणून परत टीव्हीवर दिसला.