पडद्याच्या भोकाचं ऑपरेशन: नंतर काय बिघडू शकतं?

तुम्ही विचारलंय: आई ६४ वर्षांच्या, डोळ्याच्या पडद्याला मधोमध भोक, राहायला चाळीसगाव, ऑपरेशन छत्रपती संभाजीनगरला. वाटेत कन्नडचा घाट आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

या ऑपरेशनमध्ये डोळ्यातली जेली काढतात, भोकाभोवतीचा पातळ पापुद्रा सोलतात आणि पोकळीत गॅस भरतात. एसएफ६ गॅस २-३ आठवडे राहतो, सी३एफ८ साधारण ६ ते ८ आठवडे. घरी आल्यावर डोळा खालच्या हवेला जुळवून घेतो. मग तपासणीसाठी घाट चढलात की सुमारे ३०० मीटरच्या चढाने हवेचा दाब ३ टक्क्यांच्या आसपास घटतो आणि गॅस तेवढाच फुगतो. पोकळी जेमतेम ४ मिलीची, त्यामुळे काठोकाठ भरलेल्या डोळ्यात एवढंही टेन्शन (डोळ्यातला दाब) चढायला पुरतं. डोळा ठणकला, मळमळलं, नजर काळवंडली तर तिथूनच गाडी खाली वळवा आणि डॉक्टरांना फोन करा. पहिला आठवडा संभाजीनगरलाच नातेवाइकांकडे काढता आला तर उत्तम. गॅस जाईपर्यंत विमान पूर्ण बंद. दुसरं कुठलं ऑपरेशन किंवा दाताचं काम निघालं तर भूल देणाऱ्याला गॅसचं आधी सांगा. नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या वायूने डोळ्यातल्या गॅसचा बुडबुडा झपाट्याने फुगतो.

गॅस भोकावर टेकून राहावा म्हणून पालथं राहावं लागतं. त्याचे दिवस डॉक्टर भोकाच्या मापावरून ठरवतात. मान धान्य निवडताना असते तशी, नाक जमिनीकडे. उताणं झोपू देऊ नका. भोक ४०० मायक्रॉनपेक्षा मोठं किंवा जुनं असेल तर ते न बुजण्याची शक्यता वाढते. तेव्हा पुन्हा गॅस भरावा लागू शकतो.

पडदा सुटणं ही खरी भीती, आणि लोक इथेच फसतात. बुडबुड्याची रेघ पाण्यासारखी हलते, रोज खाली सरकते आणि वरून उजेड दिसू लागतो. हे ठीक आहे. पण कडेने आलेली, मान हलवली तरी न डुलणारी सावली किंवा विजेसारखे लखलखाट दिसले तर त्याच दिवशी दाखवा. पहिल्या आठवड्यात लाली आणि दुखणं वाढत गेलं तर जंतुसंसर्ग असू शकतो. तो क्वचितच होतो, पण सकाळची वाट पाहू नका.

स्टेरॉइडच्या थेंबांनीही काही आठवड्यांत टेन्शन वाढू शकतं, म्हणून मधली तपासणी चुकवू नका. मोतीबिंदू आधी काढलेला नसेल तर बहुतेकांना तो दोनेक वर्षांत येतोच. ती चूक नव्हे, आणखी एक खर्च धरून ठेवा.