वाचकांचे प्रश्न : सुट्टीत एपी स्पॅनिशची तयारी

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझी मुलगी सप्टेंबरमध्ये अकरावीत जाईल आणि तिने एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे शाळेतच शिकायचा महाविद्यालयीन पातळीचा अभ्यासक्रम) स्पॅनिश हा विषय घेतला आहे. आतापर्यंत तिला स्पॅनिशमध्ये उत्तम श्रेणी मिळाली आहे, परंतु बोलायची वेळ आली की ती अडखळते. शिवाय गेल्या वर्षीच्या सुट्टीनंतर निम्म्याहून अधिक विसरल्याचे तिचे तिलाच जाणवले. आम्हा दोघांना स्पॅनिश येत नाही. घरी आम्ही मराठी बोलतो आणि तीही मराठीतच उत्तर देते. या दहा-अकरा आठवड्यांत तिने व्याकरणाचे जुने पुस्तक पुन्हा सोडवावे, की तिला शिकवणी लावावी?

उत्तर : मुलगी घरात मराठीतच उत्तर देते, हे आपण ओघात लिहून गेलात, मला मात्र आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगाची माहिती तीच वाटली. अमेरिकेतील शाळेत स्पॅनिश इंग्रजीतून शिकवली जाते, त्यामुळे मुले प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत जुळवतात आणि मग त्याचे स्पॅनिश करतात. आपल्या मुलीला हा वळसा घालण्याचे कारण नाही, कारण स्पॅनिशमधील जी वळणे इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना वर्षानुवर्षे छळतात त्यांतील कितीतरी तिच्या तोंडात लहानपणापासून बसलेली आहेत. फक्त ती तशी आहेत हे तिला कोणी सांगितलेले नाही.

‘मला हे पुस्तक आवडते’ हे साधे वाक्य घ्या. स्पॅनिशमध्ये ते ‘मे गुस्ता एस्ते लिब्रो’ असे होते आणि पुस्तके अनेक असतील तर क्रियापद बदलून ‘मे गुस्तान एस्तोस लिब्रोस’ असे होते. मराठीतही ‘आवडते’चे ‘आवडतात’ होते, कारण क्रियापद आवडणाऱ्या वस्तूप्रमाणे चालते, आवड असणाऱ्या माणसाप्रमाणे नाही. माझ्या वर्गातील मुले तिसऱ्या वर्षीही ‘यो गुस्तो’ (‘यो’ म्हणजे ‘मी’) असे लिहितात, आणि मराठी घरातली मुलेही तेच लिहितात, कारण त्यांनाही हे इंग्रजीतूनच समजावलेले असते. ‘मी मारियाला पाहते’ आणि ‘मी घर पाहते’ या दोन वाक्यांत आपण माणसाला ‘ला’ लावतो आणि घराला लावत नाही. स्पॅनिशमध्येही ‘बेओ आ मारिया’ म्हणताना मध्ये ‘आ’ येतो आणि ‘बेओ ला कासा’ म्हणताना येत नाही. (या दुसऱ्या वाक्यातील ‘ला’ हे स्पॅनिशचे स्त्रीलिंगी उपपद आहे, आपल्या ‘ला’शी त्याचा संबंध नाही.)

भूतकाळाचा लाभ याहूनही मोठा आहे. स्पॅनिशमध्ये दोन साधे भूतकाळ आहेत आणि कोणता कोठे वापरायचा, यावर पाठ्यपुस्तके पानेच्या पाने खर्च करतात. ‘आम्ही दर रविवारी तळ्यावर जायचो’ येथे ‘ईबामोस’ येते, तर ‘गेल्या रविवारी आम्ही तळ्यावर गेलो’ येथे ‘फुईमोस’. ‘मी बाहेर पडले तेव्हा पाऊस पडत होता’ यात बाहेर पडणे ‘साली’ होते आणि पाऊस ‘योबीआ’ होतो. म्हणजे मराठीत जेथे ‘जायचो’, ‘जात असे’ किंवा ‘पडत होता’ येते तेथे बहुतेक वेळा एक भूतकाळ, आणि जेथे ‘गेलो’, ‘पडले’ येते तेथे दुसरा. आठवड्यातून दोनदा तिने बालपणीची एखादी आठवण आपल्याला मराठीत सांगावी आणि तीच लगेच स्पॅनिशमध्ये सांगून फोनवर ध्वनिमुद्रित करावी. आपल्याला स्पॅनिश येत नाही, याने येथे काहीही बिघडत नाही. मराठी भाग ऐकायला माणूस हवा, तो आपण व्हा.

विध्यर्थाबाबत असेच म्हणता येईल, पण थोडे जपून. ‘तो येतो आहे हे मला माहीत आहे’ यासाठी ‘से के बिएने’ आणि ‘त्याने यावे असे मला वाटते’ यासाठी ‘कीएरो के बेंगा’. इच्छा, विनंती, सल्ला असला की मराठीत ‘यावे, करावे, सांगावे’ येते आणि स्पॅनिशही तेथेच रूप बदलते. परंतु ‘तो येईल असे मला वाटत नाही’ येथे मराठी साधा भविष्यकाळ वापरते, तर स्पॅनिशला तेथेही ‘बेंगा’च लागते. म्हणून इच्छेपुरते मराठीवर विसंबावे. शंका, नकार आणि ‘तो आला की’ अशी पुढे घडायची गोष्ट, एवढ्या जागा वेगळ्या पाठ कराव्यात. ‘असणे’ या अर्थाच्या दोन क्रियापदांत, म्हणजे ‘सेर’ आणि ‘एस्तार’ यांत, मात्र आपली भाषा फारशी मदत करत नाही, कारण आपल्याकडे दोन्हींना ‘आहे’च. तरी ‘एस आबुर्रीदो’ म्हणजे तो कंटाळवाणा आहे आणि ‘एस्ता आबुर्रीदो’ म्हणजे तो कंटाळलेला आहे, हे एक उदाहरण लक्षात ठेवले तर बाकीची गाडी त्यामागून बरीच पुढे जाते.

उच्चारांतही तिच्यापाशी भांडवल आहे. स्पॅनिशचे त आणि द आपल्यासारखे दातांना जीभ लावून होतात, आणि प, त, क म्हणताना इंग्रजीसारखा श्वासाचा झोत बाहेर पडत नाही. फक्त ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ आणि ‘पेर्रो’ म्हणजे ‘कुत्रा’, यांतील दुसरा र चांगला थरथरवायला हवा. जोराकडेही लक्ष द्यावे : ‘आब्लो’ या शब्दात पहिल्या अक्षरावर जोर दिला तर अर्थ ‘मी बोलतो’ आणि शेवटच्या अक्षरावर दिला तर ‘तो बोलला’. लिहिताना हा फरक एका छोट्या तिरक्या रेघेने दाखवतात आणि मुले ती रेघ सर्रास गाळतात. संगणकावर ही चिन्हे कशी उमटवायची, हे सुट्टीच्या पहिल्या दिवशीच शिकून घ्यावे. ‘मी सोळा वर्षांची आहे’ हे लिहिताना ‘आन्योस’मधील न वरची नागमोडी रेघ राहिली, तर वाक्यात वर्षांच्या जागी शरीराचा एक असा भाग येतो की शिक्षकांना हसू आवरत नाही.

आता वर्गाविषयी. गेली अनेक वर्षे या अभ्यासक्रमाची मांडणी सहा विषयांभोवती होत आली आहे : कुटुंब आणि समाज, विज्ञान आणि तंत्रज्ञान, सौंदर्याच्या कल्पना, आजचे जीवन, जागतिक प्रश्न, आणि वैयक्तिक व सामूहिक ओळख. परीक्षा मे महिन्यात होते, गुण 1 ते 5 असे दिले जातात आणि 3 किंवा त्याहून अधिक गुणांवर अनेक महाविद्यालये श्रेयांक देतात, मात्र प्रत्येकाचा नियम निराळा असतो. वाचणे आणि ऐकणे यांखेरीज गेल्या काही वर्षांच्या परीक्षांत औपचारिक ईमेलला उत्तर, लेख, तक्ता आणि ध्वनिफीत यांच्या आधारे मताची मांडणी करणारा निबंध, प्रत्येक वेळी वीस सेकंदांत उत्तर द्यायचे संभाषण आणि सांस्कृतिक तुलनेवर दोन मिनिटांचे भाषण, असे चार भाग होते. स्वरूपात वेळोवेळी बदल होतात, म्हणून चालू वर्षाचा आराखडा ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा. तो पाहिला की आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते : रिकाम्या जागा भरा, रूपे चालवा, असे काही त्यात नाही. तेव्हा जुने पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा सोडवण्यात तिची सुट्टी घालवू नये. बोलताना जेथे अडेल तेवढेच पान उघडावे.

सर्वाधिक वेळ कानाला द्यावा. बीबीसी मुंदो, संयुक्त राष्ट्रांची स्पॅनिश बातम्यांची सेवा किंवा युनिव्हिजन यांवरील तीन-चार मिनिटांचा एकच तुकडा रोज घ्यावा. पहिल्यांदा काहीही न वाचता ऐकावा आणि कोण, कोठे, काय झाले एवढेच एका ओळीत लिहावे; दुसऱ्यांदा लिखित मजकूर किंवा उपशीर्षके समोर ठेवून ऐकावा; तिसऱ्यांदा पुन्हा नुसता ऐकावा आणि मग जे कळले ते मिनिटभर बोलून ध्वनिमुद्रित करावे. एवढ्याला वीस मिनिटे पुरतात. रोज नवा तास-दीड तासाचा कार्यक्रम पार्श्वभूमीला लावून ठेवणाऱ्या मुलांपेक्षा एकच तुकडा तीनदा ऐकणारी मुले सप्टेंबरमध्ये वेगळी ओळखू येतात, हे मी दरवर्षी पाहते. मेक्सिकोचा, स्पेनचा, अर्जेंटिनाचा आणि कॅरिबियन बेटांवरचा, असे निरनिराळे आवाज आळीपाळीने ऐकावेत. परीक्षेत कोणाचा आवाज येईल हे सांगता येत नाही, आणि अर्जेंटिनाच्या राजधानीत ‘यो’चे ‘शो’ होते हे आधी ऐकलेले नसेल तर पहिली काही वाक्ये नुसती गोंधळात जातात.

सांस्कृतिक तुलनेसाठी सगळे स्पॅनिशभाषक देश धुंडाळण्याची गरज नाही. स्पॅनिश ही वीस सार्वभौम देशांची अधिकृत भाषा आहे, त्यांपैकी एक निवडून त्याच्याशी सुट्टीभर ओळख करून घ्यावी. आपल्या मुलीला मी पराग्वे सुचवीन. 1992 च्या राज्यघटनेनुसार तेथे स्पॅनिशबरोबर ग्वारानी हीदेखील अधिकृत भाषा आहे. ती केवळ आदिवासी समाजापुरती उरलेली नाही, असंख्य सामान्य कुटुंबांत ती रोज बोलली जाते, आणि दोन्ही भाषा मिसळून जे बोलतात त्याला ‘होपारा’ असे नाव आहे. घरात एक भाषा, शाळेत दुसरी आणि भावंडांशी दोन्हींची सरमिसळ, या गोष्टीवर आपली मुलगी दोन मिनिटेच काय, दहा मिनिटे बोलू शकेल आणि तेही स्वतःच्या अनुभवातून. दिवाळीची तुलना एखाद्या सणाशी करणारी भाषणे परीक्षकांनी पुष्कळ ऐकली असतील.

शिकवणी लावायचीच असेल, तर व्याकरण शिकवणारी नको. आठवड्यातून अर्धा तास केवळ गप्पा मारणारी व्यक्ती शोधावी. या देशात घरी स्पॅनिश बोलणारे चार कोटींहून अधिक लोक आहेत, तेव्हा अशी व्यक्ती शिकवणी वर्गाबाहेर, सार्वजनिक ग्रंथालयातील संभाषण गटातही मिळू शकते. आणि शाळेने सुट्टीचा अभ्यास दिला असेल, तर तो ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू देऊ नये.

प्रश्न : मी स्वतः विद्यार्थी आहे. औपचारिक ईमेलमध्ये माझे गुण नेहमी कापले जातात, पण व्याकरणाच्या चुका तर फारशा नसतात. शब्दसंग्रह वाढवण्यासाठी मी एका ॲपवर रोज सराव करतो, तरीही फरक पडत नाही. काय चुकते आहे?

उत्तर : तू पाठवलेल्या नमुन्यात पहिल्या ओळीत ‘एस्तिमादा सेन्योरा’ आहे, पुढे बाईंना ‘उस्तेद’ (आदरार्थी ‘आपण’) म्हटले आहे आणि तिसऱ्या ओळीत ‘ग्रासियास पोर तु कोर्रेओ’ असे आले आहे. मराठीत ‘आदरणीय महोदया, आपले पत्र मिळाले, तुझे आभार’ असे लिहिल्यासारखे हे झाले. ‘तु’च्या (‘तुझे’) जागी ‘सु’ (‘आपले’) हवे, आणि हा आदर समारोपाच्या ‘आतेंतामेंते’पर्यंत (‘आपला नम्र’सारखा शब्द) टिकायला हवा. पूर्ण मजकूर लिहून झाल्यावर एकदा केवळ याच दृष्टीने वाचत जा : प्रत्येक क्रियापद आणि प्रत्येक ‘तुमचे’ आदरार्थी आहे ना? शिवाय त्या ईमेलमध्ये तुला दोन प्रश्न विचारले होते आणि तू एकाचेच उत्तर दिले आहेस. दोन्हींची उत्तरे देणे आणि स्वतः एखादी माहिती विचारणे, या दोन्ही गोष्टी अपेक्षित असतात.

ॲप वाईट नाही, पण ते तुला सुटे शब्द देते आणि तुझ्या लेखनात उणीव आहे ती वाक्ये जोडणाऱ्या शब्दांची. ‘सिन एंबार्गो’ म्हणजे तथापि, ‘पोर लो तांतो’ म्हणून, ‘आउन्के’ जरी, ‘एन काम्बियो’ याउलट, ‘आदेमास’ शिवाय. असे पंधराएक शब्द निवड आणि दर आठवड्याच्या एका ईमेलमध्ये त्यांतील निदान चार वापर. इंग्रजीसारख्या दिसणाऱ्या शब्दांपासून सावध राहा : ‘एंबारासादा’ म्हणजे ओशाळलेली नव्हे, गरोदर, ‘आसिस्तिर’ म्हणजे बहुधा हजर राहणे, ‘आक्तुआल्मेंते’ म्हणजे सध्या. भाषांतर यंत्राकडून ईमेल लिहून घेण्याचा विचार मनात असेल तर तो सोडून दे, कारण वर्गात तोंडी चार वाक्ये जुळवताना थांबणारा मुलगा घरून भूतकाळी विध्यर्थाची निर्दोष रूपे लिहून आणतो, तेव्हा शिक्षकांना विचारावे लागत नाही.

प्रश्न : उन्हाळ्यात तीन आठवड्यांच्या निवासी स्पॅनिश शिबिरासाठी बरेच पैसे भरावे लागत आहेत. ते सार्थकी लागतील का?

उत्तर : शिबिरात जेवणाच्या टेबलावर, खेळताना आणि रात्री खोलीत मुले कोणती भाषा बोलतात, एवढेच आयोजकांना विचारावे. ‘वर्गात पूर्णपणे स्पॅनिश’ असे उत्तर आले, तर दिवसाचे उरलेले तास इंग्रजीचे आहेत असे समजावे आणि पैसे भरू नयेत.