डब्यातली भाकरी आणि तिसरी नीट

प्रश्न : निफाड तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. मुलीने एक वर्ष ड्रॉप घेऊन दुसऱ्यांदा नीट दिली, तरी सरकारी एमबीबीएस लागेल एवढे गुण नाहीत. माझ्या साडूच्या मुलाला लहानपणापासून सारखे फोड, न्यूमोनिया. दोनदा टीबीचा कोर्स झाला. शेवटी सहाव्या वर्षी मुंबईत निदान झालं : क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज. रिपोर्टवर 'सीवायबीबी' असं लिहिलंय. तेव्हापासून मुलगी म्हणते, असल्याच आजारांवर संशोधन करायचं. घरात डब्यांमध्ये भाकरीचे तुकडे कुजवते आणि वहीत तारखा लिहिते. डॉक्टर न होता हे जमतं का? पोट भरतं का? की अजून एक ड्रॉप द्यावा?
– एक पालक

उत्तर : भाऊ, तुमचं मूळ पत्र लांब होतं, इथे थोडक्यात घेतलंय. त्यात नीटचे गुण तीनदा आले आणि डब्यातली भाकरी एकदाच, तीही तक्रार म्हणून. माझं लक्ष मात्र भाकरीवरच अडकलं. कोणी सांगितलेलं नसताना रोज झाकण उघडून बघणं, काल काय होतं आणि आज काय आहे ते लिहून ठेवणं, हे क्लास लावून येत नाही.

म्हणून आधी ड्रॉपचं बोलतो : नको. तिला पेशंट तपासायचे असते तर गोष्ट वेगळी होती. मग एमबीबीएसला पर्याय नाही. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, पुढे एमडी, त्यापुढे डीएम. पण तिला पेशंटपेक्षा 'असं का झालं' हे जास्त खुणावतंय, आणि त्या कामाला स्टेथोस्कोप लागत नाही.

तुमच्या घरातलंच उदाहरण घ्या. त्या मुलाच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण गिळलेला जंतू मारायला जे रसायन तयार व्हावं लागतं ते होत नाही, कारण एका जनुकात, रिपोर्टवरच्या त्या सीवायबीबीत, चूक आहे. अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू तुमच्या-माझ्या श्वासातून रोज आत जातात आणि काही होत नाही. त्याच्या फुप्फुसात मात्र ते मूळ धरू शकतात. चमत्कारिक इन्फेक्शन आणि दुर्मिळ जनुकीय आजार हे बऱ्याचदा असे एकाच दुखण्याची दोन टोकं असतात. हे जनुक 1986 साली हाती लागलं, तेही त्यातून कोणतं प्रथिन बनतं हे माहीत नसताना, केवळ गुणसूत्रावरच्या जागेचा माग काढत.

आणखी एक. तुम्ही भुरीवर, म्हणजे वेलीवरच्या बुरशीवर, हेक्साकोनॅझोल मारत असाल. अशा मुलांना बुरशी होऊ नये म्हणून बहुधा इट्राकोनॅझोल देतात. नावं बघा, दोन्ही एकाच घराण्यातली. नेदरलँड्समध्ये डॉक्टरांना असे पेशंट दिसले, ज्यांनी ही औषधं कधी घेतलीच नव्हती, तरी त्यांच्या अंगातल्या बुरशीवर ती चालेनात. माग काढता काढता बोट शेतातल्या फवारणीकडे गेलं. हा प्रश्न वॉर्डात बसून सुटणारा नाही. त्याला माती लागते, पेट्री डिश लागते, जनुकक्रम वाचता यावा लागतो. बागेत वाढलेल्या पोरीला निदान फवारणीचं वेळापत्रक तरी समजावून सांगावं लागणार नाही!

रस्ता सरळ आहे, पण लांब. नाशिकच्या केटीएचएम किंवा आरवायके कॉलेजात बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, मग एमएस्सी, मग नेट परीक्षा. त्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं. पीएचडीला पाच-सहा वर्षं धरा. पुण्यात राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे, 1952 पासूनची. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावाचं नाव मिळालेला विषाणू 1965 साली तिथल्याच लोकांनी ओळखला. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था आहे. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारांवर तिथे काम चालतं. आयसर ही विज्ञान शिक्षणाची आणि संशोधनाची सरकारी संस्थाही चांगली, पण तिथल्या प्रवेश परीक्षेत गणिताचे प्रश्न असतात. गणित सोडलं असेल तर ते जड जाईल. गणिताशी वैर मात्र परवडणार नाही. संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रॅमिंग पहिल्या वर्षापासूनच सुरू करू द्या.

पोट भरतं का? भरतं, पण उशिरा. कायम नोकऱ्या कमी आणि प्रोजेक्टवरच्या तात्पुरत्या जागा जास्त. सत्ताविसाव्या वर्षी नातेवाईक विचारतील, 'अजून शिकतेच का?' तेव्हा तुम्ही तिच्या बाजूने उभे राहणार असाल तरच हो म्हणा. मध्येच थांबावं लागलं तर खासगी डायग्नॉस्टिक लॅबचं दार असतं. सुरुवातीचा पगार बेताचाच.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. सीवायबीबी हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. त्या मुलाची आई वाहक असेल, म्हणजे ते चुकीचं जनुक बाळगून असेल, तर तिची बहीण, म्हणजे आमच्या वहिनीही वाहक असू शकतात, आणि त्यांच्याकडून तुमची मुलगीही. असतीलच असं नाही. वाहक बाईला बहुतेक वेळा त्या मुलासारखी गंभीर इन्फेक्शन होत नाहीत, तेव्हा घाबरायचं कारण नाही. पण ज्यांनी निदान केलं त्या डॉक्टरांना एकदा विचारा. पोरीच्या लग्नात आडवं येईल म्हणून लोक ही तपासणी टाळतात. तुम्ही टाळू नका. मुलीला सोबत न्या. घराण्याचा तक्ता काढून असं समजावून सांगणं हाही एक पेशा आहे, जेनेटिक काउन्सेलरचा. तो कसा चालतो हे तिला टेबलाच्या अलीकडून बघता येईल.

आणि मावसभाऊ सुट्टीत राहायला येणार असेल, तर ते डबे तो यायच्या आधी घरातून बाहेर काढा. झाकण न उघडता पिशवीत बांधून टाका. त्याला शेणखताच्या आणि काडीकचऱ्याच्या ढिगाकडेही फिरकू देऊ नका. ढीग उकरताना उडणारी धूळ अशा मुलांना फार महागात पडते. वही मात्र तिला जपून ठेवायला सांगा. इकडे याल तेव्हा घेऊन या, मला बघायची आहे.