सायलेंट अक्षरं: पाठ करायची की समजून घ्यायची?

ताई, मुलगी सहावीत, सेमी इंग्लिश, शाळेतून सायलेंट लेटर्सची (स्पेलिंगमध्ये असतात पण उच्चारात येत नाहीत अशा अक्षरांची) लांबलचक यादी आली आहे आणि ती रोज रडतरडत घोकते आहे. याला काही नियम आहे की घोकंपट्टीच, हा तुमचा प्रश्न. शिवाय ‘रिसीट’मध्ये पी आहे, मग ‘डिसीट’मध्ये (म्हणजे फसवणूक) का नाही, हा तिचा. तिचा प्रश्न जास्त चांगला आहे.

सगळ्यांना लागू पडेल असा एक नियम नाही. पण ही अक्षरं गप्प का बसली याची कारणं मोजकी आहेत, आणि ती कळली की अर्धीअधिक यादी आपोआप गळते.

आधी आपल्याच लेखनाकडे बघा. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून १९६२ च्या आधी छापलेलं एखादं मराठी पुस्तक उचला. नांव, पांच, कांटा, कांहीं, घरांत, पुणें... पानभर टिंबांचा सडा. यातली बरीच टिंबं निदान पुण्यात तरी तेव्हाही कोणी उच्चारत नव्हतं (कोकणातल्या माणसाने इथे हरकत घेतली तर ती मान्य). ‘पंच’चं पांच झालं, ‘कंटक’चा कांटा झाला, नाकातला आवाज हळूहळू विरला आणि कागदावर खूण तेवढी उरली. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांनी ही अनुच्चारित टिंबं काढून टाकली. इंग्रजीच्या नशिबी असं महामंडळ आलंच नाही, त्यामुळे त्यांची टिंबं अजून जागच्या जागी आहेत.

‘नी’ म्हणजे गुडघा, ‘नाइफ’, ‘नो’ म्हणजे माहीत असणं यांतला के आणि ‘राइट’ म्हणजे लिहिणं, ‘राँग’ यांतला डब्ल्यू एकेकाळी खणखणीत उच्चारले जायचे. के साधारण सतराव्या शतकापर्यंत टिकला होता. मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकणारं कोणी ओळखीत असेल तर विचारा, जर्मनमध्ये गुडघ्याला आजही ‘क्नी’च म्हणतात. ‘नाइट’ म्हणजे रात्र, तिला ते ‘नाख्ट’ म्हणतात. इंग्रजी स्पेलिंगमधला जी-एच हा तोच घशातला ‘ख’ होता. इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला १४७६ मध्ये. पुढच्या दीड-दोनशे वर्षांत छापखान्यांमुळे स्पेलिंग गोठत गेलं आणि नेमक्या त्याच काळात उच्चार झपाट्याने बदलत होते. त्यामुळे आपण लिहितो तो बराचसा जुना उच्चार आणि बोलतो तो नवा.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. खरी गंमत, किंवा खरा चावटपणा, पंडितांचा. ‘डेट’ म्हणजे कर्ज. फ्रेंचमधून आलेला हा शब्द इंग्रजीत बीशिवायच लिहीत असत. सोळाव्या शतकाच्या सुमारास लॅटिन जाणणाऱ्या मंडळींना वाटलं की मूळ शब्द ‘डेबिटम’ आहे, तर तो स्पेलिंगमध्ये दिसला पाहिजे. घुसवला बी. ‘डाउट’चंही तेच. इंग्रजीत हा बी कधी कोणी उच्चारलेलाच नाही. ‘आयलंड’मध्ये तर चक्क चुकीचा एस आहे. शब्द अस्सल जुना इंग्रजी, पण लॅटिन ‘इन्सुला’शी त्याचं नातं आहे असं समजून एस चिकटवला. ‘कुड’मधल्या एलचं कारण त्याहून साधं: ‘वुड’ आणि ‘शुड’मध्ये आहे, मग याच्यातही हवा!

आता तुमच्या लेकीचा प्रश्न. ‘रिसीट’मधला पी याच पंडिती हौसेतून आला. ‘डिसीट’ आणि ‘कन्सीट’ ही त्याच लॅटिन घराण्यातली. ‘डिसीट’लाही काही जण पी लावत होते, पण तो टिकला नाही. यामागे तर्क शोधू नका, नाहीच आहे. असे शब्द तेवढे पाठ करायचे, आणि ते फार नाहीत.

बाकीच्यांसाठी एक युक्ती. गप्प अक्षर असलेल्या शब्दाचं भावंड शोधायचं, तिथे ते बोलतं. ‘साइन’मध्ये जी गप्प, ‘सिग्नल’ आणि ‘सिग्नेचर’मध्ये ऐकू येतो. ‘ऑटम’चा एन ‘ऑटम्नल’मध्ये, ‘कॉलम’चा ‘कॉलम्निस्ट’मध्ये, ‘मसल’चा सी ‘मस्क्युलर’मध्ये, ‘सॉफन’चा टी ‘सॉफ्ट’मध्ये. ही अक्षरं काढून टाकली तर नातीच तुटतील, म्हणून मला ती निरुपयोगी वाटत नाहीत. ‘प्लमर’मधला बी शिशाच्या लॅटिन नावातला, ‘प्लंबम’मधला, कारण पूर्वी नळ शिशाचे असत. मराठीत बोलताना मात्र ‘प्लंबर’च म्हणा. सदाशिव पेठेत ‘प्लमर आहे का हो?’ विचारलंत तर नळ गळतच राहील.

शेवटी येणारा ई मुका असला तरी कामसू आहे. ‘कॅप’ला लावला की ‘केप’, ‘किट’ला लावला की ‘काइट’, ‘हॉप’चं ‘होप’. पुण्याबद्दल काही माहीत नसलेला इंग्रज पी-यू-एन-ई पाहून ‘प्यून’ वाचतो, ‘ट्यून’सारखं, ते याच सवयीमुळे. बिचाऱ्याला काय माहीत की आपला ई मुका नाही. ‘हॅव’, ‘गिव्ह’ यांतला ई मात्र स्वर बदलत नाही. इंग्रजी शब्द सहसा नुसत्या व्हीवर संपवत नाहीत, म्हणून तो तिथे आहे.

तेव्हा यादी घेऊन बसा, तिच्याकडून भावंडवाले शब्द खुडून घ्या, मग के आणि डब्ल्यूवाले, आणि उरतील तेवढेच वहीत लिहायला लावा. स्पेलिंग लिहिताना मनातल्या मनात ‘वेड-नेस-डे’, ‘क्नाइफ’ असं म्हणायला हरकत नाही. शिकवण्यांमध्ये मी मुलांना हेच करायला सांगतो, फक्त मोठ्याने नको.

‘ऑफन’मधल्या टीवरून मात्र तिला रागावू नका. तो गप्प झालेला टी स्पेलिंग बघून पुष्कळ इंग्रज पुन्हा उच्चारू लागले आहेत, आणि शब्दकोशात आता दोन्ही उच्चार मिळतात. परीक्षेत ‘सायलेंट अक्षर ओळखा’ असं आलं तर ‘टी’ लिहायचं, एवढं सांगून ठेवा.