समुद्र नसलेल्या गावात समुद्रपक्षी का बनवायचे?

प्रश्न असा होता: "मी दर्यापूरकडच्या एका खेड्यात शाळेवर आहे. गावकऱ्यांना सोबत घेऊन टाकाऊ वस्तूंपासून समुद्रपक्ष्यांची मोठी शिल्पं करायची, असं डोक्यात आहे. पण आमच्याकडे समुद्रच नाही. पक्ष्यांना याची खरंच काही मदत होईल, की सगळं फोटोपुरतं राहील?"

फोटोपुरतं राहण्याचीच शक्यता जास्त. आमचं पहिल्या वर्षी तेच झालं होतं, म्हणून अनुभवावरून सांगतो.

मी भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी राहतो. पाट्या रंगवायचा धंदा होता, फ्लेक्स आल्यावर बसला. आता झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवतो आणि रिकाम्या दिवसांत शाळेतल्या पोट्ट्यांसोबत असले उद्योग करतो. पहिल्या खेपेला आम्ही थर्माकोलचा भला मोठा अल्बट्रॉस, म्हणजे लांब पंखांचा समुद्रपक्षी, केला. टीव्ही-फ्रीजच्या खोक्यांतलं, गणपतीच्या मखराचं, सगळं थर्माकोल वापरलं. दिसायला झकास. पाहुणे आले, भाषणं झाली, फोटो निघाले आणि पक्षी शाळेच्या आवारात उभा राहिला. मग मृगाच्या आधी एक वावधान आलं. सकाळी बघतो तर पक्ष्याचा सांगाडा कुंपणाला आणि पांढरे मणी गावभर. नालीत, बोडीत, तिथून पावसाबरोबर नदीत. गावाने वर्षभरात टाकला नसेल एवढा चुरा आमच्या पर्यावरणाच्या प्रकल्पाने एका रात्रीत टाकला. मासेमारी करणारे एक म्हातारे ढिवर मामा मला म्हणाले, "काहून गा, मासोळ्यांले साबुदाना टाकला का?" त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

ते साबुदाणा म्हणाले ते विनोदाने, पण नेमकं तसंच होतं. पॅसिफिक महासागरात मिडवे नावाची बेटं आहेत. तिथले अल्बट्रॉस समुद्रावरून टिपून आणलेलं अन्न पिल्लांच्या चोचीत ओततात आणि त्यात बाटल्यांची झाकणं, लायटर असलं काहीबाही असतं. मेलेल्या पिल्लाचं शरीर कुजून जातं, पोटातली झाकणं रंगासकट शाबूत राहतात. पक्षी मूर्ख आहे म्हणून हे होत नाही. पाण्यात पडून राहिलेल्या प्लास्टिकवर शेवाळ धरतं आणि त्यातून एक वायू सुटतो. त्याचा वास या जातीच्या पक्ष्यांना 'इथं खाणं आहे' असं सांगतो, हे २०१६ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. त्याच्या आदल्या वर्षी, २०१५ साली, एका अभ्यासात अंदाज मांडला होता की आजघडीला जिवंत असलेल्या समुद्रपक्ष्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांनी प्लास्टिक गिळलेलं असावं. ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाव बेटावरच्या पक्ष्यांच्या जठरात प्लास्टिकने झालेल्या जखमांचे वण एवढे सापडले की २०२३ साली त्या आजाराला 'प्लास्टिकोसिस' असं वेगळं नावच द्यावं लागलं.

आता तुमच्या गावाचं. दर्यापूरच्या नावातच दर्या आहे, हा विनोद तुम्ही हजारदा ऐकला असेल. पण नकाशा काढून पोरांना बोट फिरवायला लावा. तुमच्याकडचे नाले पूर्णेला जातात, पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते, तापी सुरतेच्या पुढे खंबातच्या आखातात. आमची वैनगंगा खाली वर्धेला मिळून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि तिथून आंध्रात बंगालच्या उपसागरात. म्हणजे विदर्भाच्या पश्चिमेच्या प्लास्टिकच्या पन्न्या अरबी समुद्राच्या वाटेवर आणि आमच्या पूर्वेच्या उपसागराच्या वाटेवर. सगळं पोचतं असं नाही. बरंच काठाच्या झुडपांना, बंधाऱ्यांना अडकून राहतं. पण वाट तीच आहे. आमच्या शाळेत हे बोट फिरवणं शिल्पापेक्षा जास्त चाललं. एका पोट्टीने विचारलं, "मंग आमच्या घरचा कचरा काकीनाड्याले जाते का?" त्या भागातल्या कोरिंगाच्या खारफुटीत पाणचिरे नावाचे पक्षी येतात, खालची चोच वरच्या चोचीपेक्षा लांब असलेले. तिने पुढच्या आठवड्यात वहीत पाणचिरा काढून आणला, चोच बरोब्बर.

तरी माझं म्हणणं असं की अल्बट्रॉस बनवू नका. दुसऱ्या वर्षी आम्ही नदी सुरय बनवला. कुरव आणि सुरय ही समुद्रकाठच्या पक्ष्यांची भावकी, आणि त्यातला हा भाऊ आपल्या नद्यांवर राहतो. डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, लाल पाय, शेपटीला दोन लांब टोकं. तुमच्याकडे पूर्णेवर किंवा एखाद्या धरणाच्या पाण्यावर दिसेल. जगभरातल्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत 'असुरक्षित' म्हणून त्याचं नाव आहे. तो मार्च ते मेमध्ये नदीतल्या रेतीच्या बेटावर, उघड्यावर अंडी घालतो. घरटं म्हणजे रेतीतला एक खळगा, बस. आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. त्या उन्हात आईबाप पाण्यात पोट भिजवून येतात आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतात. मी दुर्बिणीतून हे पाहिलंय, आणि त्या दिवसापासून उन्हाची तक्रार घरात जरा जपून करतो.

याचे शत्रू सगळे गावातलेच. रेतीघाट, मोकाट कुत्रे, पाणी प्यायला आलेली ढोरं, जाळी, आणि एकाएकी सुटलेलं धरणाचं पाणी. म्हणजे कुठल्या तरी बेटावरच्या पक्ष्यासाठी हळहळत बसण्यापेक्षा इथे गावाला प्रत्यक्ष करण्यासारखं काही आहे.

आता सामानाचं, कारण खरी गंमत त्यात आहे.

आमचा मुख्य माल म्हणजे खर्ऱ्याच्या, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या, पन्न्या. पानठेल्याच्या मागे पोट्ट्यांनी एका सकाळी खताचं अर्धं चुंगडं भरलं. या पन्नीला भंगारवाला हात लावत नाही, म्हणून ती नालीत जाते. हातमोजे घालून बादलीत धुवायच्या, नदीवर नाही. तंबाखू-चुन्याचं पाणी झाडांनाही घालायचं नाही. वाळल्या की तीन-तीन पन्न्यांची वेणी घालायची. वेणी घातल्यावर पन्नी उडत नाही आणि चुराही होत नाही. काळ्या टोपीसाठी छत्रीचं कापड. पंखांना जुने फ्लेक्स. माझा धंदा खाणाऱ्या फ्लेक्सला कात्री लावताना मिळालेला आनंद मी लपवला नाही. पांढरी बाजू वर, छापील बाजू आत. पण वाऱ्याने पंख उलटला की सुरयाच्या बगलेतून एखाद्या भावी सरपंचाचा हात जोडलेला फोटो दिसायचा. लोक मुद्दाम तो पंख उचलून बघायचे, गर्दीचं निम्मं कारण तेच. ढिवरांनी फाटकी नायलॉनची जाळी दिली, तिची शेपटी झाली. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या एरब बेटावरचे लोक समुद्रात सोडून दिलेल्या जाळ्यांपासून मासे आणि कासवं विणतात, हे मी त्यांना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी शांतपणे बघितलं आणि "आमची गाठ याहून पक्की आहे" म्हणाले. खरं होतं.

सांगाड्याला आमच्याकडे बांबूच्या कमच्या. तुमच्याकडे तुराट्या वापरा. पऱ्हाट्या फुकट मिळतील, पण त्या साठवून ठेवल्या की गुलाबी बोंडअळीला घर मिळतं आणि शेजारचा शेतकरी तुमच्या कलेला शिव्या घालेल, ते बरोबरच असेल.

एक गोष्ट मात्र अजिबात नको: फवारणीच्या औषधाचे डबे आणि बाटल्या. रंगीत असतात, पोरं उचलून आणतातच. २०१७ साली यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. धुतलेला डबासुद्धा मुलांच्या हातात द्यायचा नाही. चमकी आणि थर्माकोलही नको, ते का ते वर आलंच.

वेळ चुकवू नका, कारण मदत होते ती इथेच. कचरा गोळा करायचा तो नाल्याला पहिलं पाणी येण्याआधी. एकदा पूर आला की तो गेला. शाळा उन्हाळ्यात बंद होते, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेच्या दिवसांत नाला साफ करून माल धुऊन भरून ठेवा. पक्षी बांधा नंतर, पावसाळ्यात, सावकाश. तान्हा पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन निघतात, त्यांच्या मागे तुमचा सुरय निघू द्या. नागपुरात त्याच दिवशी मारबत आणि बडगे, म्हणजे मिरवून जाळायचे मोठे पुतळे, निघतात. काळी मारबत १८८१ पासून निघते म्हणतात, आणि बडग्याच्या अंगावर तर गावातलं निम्मं भंगार असतं. टाकाऊ वस्तूंची सामूहिक कला आपल्याला कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. पण बडगा जाळतात, सुरय जाळू नका. प्लास्टिकचा धूर पोरांच्याच नाकात जाईल.

आमचा सुरय दिवाळीनंतर मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, उभा केला, रात्री दंडारीचं लोकनाट्य, दिवसा सुरय. बाजूला डबा ठेवला होता. जमलेल्या पैशातून दोर, बांबू आणि एक पत्रा घेतला. पत्र्यावर मी हाताने लिहिलं: 'मार्च ते मे, बेटावर सुरयाची अंडी. डोंगा लावू नये, कुत्रं सोडू नये.' पाटी काठावर लावली, बेटावर नाही. माणूस जवळ गेला की आईबाप उडतात आणि उघडी अंडी उन्हात शिजतात. तुमच्या पोरांनाही लांबूनच दाखवा. त्या उन्हाळ्यात ढिवरांनी डोंगे दुसऱ्या बाजूला लावले. आम्ही चार घरटी मोजली. दोन घरट्यांतली पिल्लं रेतीवर पळताना दिसली. बाकीच्या दोनांवर मेच्या मध्यात वरून पाणी सुटलं आणि एका रात्रीत बेटाचं ते टोक गेलं. सोडण्याआधी कळवावं म्हणून ग्रामसभेचा ठराव करून दिलाय. उत्तर आलेलं नाही.

पानठेलेवाल्याने पन्न्यांसाठी तेलाचा रिकामा डबा टांगला होता. महिनाभर टिकला, मग त्यात तो सुपारी ठेवायला लागला. आता पोट्टे दर शनिवारी जाऊन त्याला विचारतात, "काका, डबा कुठी हाय?" तो चिडतो आणि परत टांगतो.

चोचीचा रंग मात्र नीट बघून द्या. आमच्या पोट्ट्यांनी चोच लाल आणि पाय पिवळे केले होते, आणि मंडईत ती चूक दाखवली ती त्याच ढिवर मामांनी.